सगळेच ‘पाइन’ नसतात: पश्चिम हिमालयातल्या सूचिपर्णी वृक्षांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला की मुंबई-पुण्याकडची मंडळी हिमाचल-उत्तराखंडात धडकतात. परतल्यावर फोटो दाखवतात, ‘हे बघ, पाइनचं जंगल!’ फोटोत बरेचदा देवदार असतो, कधी तोस, आणि एकदा तर चक्क भोजपत्राचं झाड होतं. झाडं बघायला म्हणून मी तिकडे जात असतो, बरोबर आपलीच ट्रेकर मंडळी असतात. चढावर धाप लागली की ती थांबतात आणि थांबली की प्रश्न विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

सूचिपर्णी म्हणजे नेमकं काय? यांना फुलं येत नाहीत का?

नाही येत. ही प्रकटबीज झाडं. आंब्याची कोय गराच्या आत असते, यांचं बी शंकूच्या खवल्यावर उघडंच बसलेलं असतं. नर शंकू लहान, मऊ आणि चार दिवसांचे पाहुणे. मादी शंकू कालांतराने लाकडासारखे टणक होतात. परागकण वारा नेतो, त्यामुळे मधमाशीला बोलवायला रंग नको, वास नको. मात्र वाऱ्याच्या भरवशावर राहायचं तर पराग पोत्यांनी तयार करावा लागतो. वसंतात चिडाच्या (हा तिकडचा एक पाइन) जंगलाजवळ गाडी उभी करा, सकाळी काचेवर हळद सांडल्यासारखा थर दिसेल.

देवदार मात्र या बाबतीत उलट्या चालीचा. त्याचा पराग शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास उडतो. त्या दिवसांत फांदीला नुसता धक्का लागला तरी पिवळा धूर निघतो.

एकूण जाती किती आहेत?

ट्रेकला जाणाऱ्याला भेटतील अशा जेमतेम दहा-बारा. पाइन वंशातले तीन: चीड, कैल आणि चिलगोजा. मग देवदार, रई म्हणजे स्प्रूस, तोस म्हणजे फर (याच्या दोन जाती, एक खालची आणि एक वृक्षरेषेजवळची), सुरई म्हणजे हिमालयी सायप्रस, थुनेर म्हणजे यू, आणि काही जुनिपर. त्याच डोंगरांत सपुष्प वनस्पती हजारोंनी आहेत. तरी दुरून डोंगर हिरवाकाळा दिसतो तो या मूठभर मंडळींमुळेच.

नावांचा गोंधळ होणार, त्याची तयारी ठेवा. तोसाला गढवालात रागा म्हणतात, थुनेराला हिमाचलात रखाल. आणि ‘चीड’ म्हटलं की आपल्या गटात कोणीतरी ‘कोणाची?’ असं विचारतंच.

ओळखायचे कसे? सगळे सारखेच दिसतात.

दुरून दिसतात. जवळ जा, एक छोटी फांदी हातात धरा (तोडायची गरज नाही) आणि सुया मोजा.

सुया जुडीने आल्या असतील, म्हणजे बुडाशी एकत्र बांधल्यासारख्या, तर झाड पाइन वंशातलं. जुडीत तीन सुया आणि लांबी वीतभर किंवा जास्त, तर चीड. पाच सुया, बारीक, निळसर, खाली लोंबणाऱ्या, तर कैल. कैलाचा शंकूही लांबोडका असतो, फांदीच्या टोकाला केळ्यासारखा लटकतो आणि राळेने चिकट असतो. तीनच सुया पण आखूड आणि ताठ, आणि खोडाची साल पापुद्र्यांनी सुटून खाली करडे-हिरवे-पांढरट ठिपके दिसतायत, तर तुम्ही चिलगोज्यासमोर उभे आहात. आपल्याकडचे पेरूचे खोड आठवेल.

आखूड खुंटावर वीस-तीस सुयांचा झुपका, दाढीच्या ब्रशसारखा, असेल तर देवदार. फांदीच्या कोवळ्या टोकाला मात्र याच्या सुया एकेकट्या असतात, त्यामुळे नुसतं टोक बघून निर्णय देऊ नका.

सुया सगळीकडेच एकेकट्या असतील तर रई किंवा तोस. इथे भलेभले अडखळतात. एक सुई घेऊन अंगठा आणि बोट यांच्यामध्ये फिरवा. रईची सुई चौकोनी, ती गोल फिरते. तोसाची चपटी, ती फिरत नाही, घसरते, आणि तिच्या खालच्या बाजूला दोन पांढरट रेघा असतात. तरी खात्री नसेल तर सुया गळलेल्या डहाळीवरून बोट फिरवा. रईची डहाळी कानशीसारखी खरखरीत लागते, कारण प्रत्येक सुईच्या जागी छोटा खुंट उरतो. तोसाची डहाळी गुळगुळीत, नुसते गोल वण.

शंकूही साक्ष देतात. रईचे शंकू खाली लटकतात आणि अख्खे पडतात. तोस आणि देवदार यांचे शंकू फांदीवर मेणबत्तीसारखे उभे असतात आणि झाडावरच सुटे होतात, खवला खवला करून. म्हणून तोसाखाली कितीही शोधलं तरी अख्खा पिकलेला शंकू सापडत नाही. देवदाराच्या शंकूचं वरचं टोक कधीकधी एकत्र खाली येतं आणि हुबेहूब लाकडी गुलाबासारखं दिसतं. पर्यटनस्थळी ते रंगवून विकतात. रंग न दिलेलं जास्त सुंदर असतं, हे माझं मत.

सुरई आणि मोठ्या जुनिपरना सुया जवळजवळ नसतातच. डहाळीला घट्ट चिकटलेले खवले असतात. सुरई चुनखडीचा डोंगर बघून वस्ती करते, नैनितालच्या आसपास ती सहज दिसते.

कुठलं झाड किती उंचीवर?

कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्राचं छप्पर ते. हिमालयात त्या उंचीला अजून चिडाचंच राज्य असतं. चीड साधारण ५०० मीटरपासून २,००० च्या थोडं वरपर्यंत. मग देवदार आणि कैल, त्यांच्यावर रई आणि तोस, आणि साडेतीन हजारांच्या आसपास झाडंच संपतात. तिथे भोजपत्र आणि बुटके रोडोडेंड्रॉन, त्यापुढे गवताळ कुरणं आणि जमिनीलगत पसरलेली जुनिपरची झुडपं.

हा जिना ठोकळेबाज मात्र नाही. उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्यावर बरंच ठरतं. दक्षिणेकडचा उतार ऊन खातो, कोरडा राहतो. उत्तरेकडच्या उतारावर बर्फ उशिरापर्यंत टिकतो, माती ओली राहते, आणि रई-तोस तिथेच दाटी करतात. एकाच ओढ्याच्या दोन काठांवर दोन वेगळी जंगलं दिसली तर नवल करू नका.

पाऊसही जंगल बदलतो. मनालीहून अटल बोगद्यातून जा. नऊ किलोमीटरचा बोगदा, अलीकडे देवदार-तोसाची हिरवी गर्दी. पलीकडे लाहौल, म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश: उघडे तपकिरी डोंगर आणि कुठेतरी कड्याला चिकटलेला एखादा जुनिपर. महाबळेश्वरहून वाईमार्गे माणकडे उतरताना जे दिसतं तेच, पण इथे दहा-पंधरा मिनिटांत.

ही झाडं एवढ्या थंडीत टिकतात कशी?

सुईचा पृष्ठभाग कमी, वर मेणाचा थर, श्वासरंध्रं खोल बसलेली, म्हणजे पाणी उडून जाणं कमी. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी मिळत नाही, तेव्हा ही काटकसर कामी येते. फांद्या खाली झुकलेल्या असतात, बर्फ साचला की घसरून पडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट लाकडात दडली आहे. बहुतेक रुंदपर्णी झाडांच्या खोडात पाणी चढवायला रुंद नळ्या असतात. पाणी गोठून पुन्हा वितळलं की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि नळी बाद होते. सूचिपर्णींकडे रुंद नळ्या नाहीत, अतिशय अरुंद पेशींची साखळी आहे. पाणी हळू चढतं, पण बुडबुडा सहसा अडकत नाही.

सदाहरित म्हणजे पानं कधीच गळत नाहीत?

गळतात, फक्त सगळी एकदम नाही. चिडाची सुई दीडेक वर्ष टिकते, देवदाराची दोन-तीन वर्षं, रई-तोसाच्या त्याहून जास्त. चिडाच्या सुया मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी ढिगाने पडतात, आणि पुढचा सगळा वाद तिथून सुरू होतो.

चिडाच्या जंगलात दरवर्षी आगी का लागतात?

या गळलेल्या सुयांना कुमाऊं-गढवालात पिरूल म्हणतात. उतारावर त्यांचा थर असला की बूट अक्षरशः तेलावरून सरकतात. मी एकदा अल्मोड्याकडच्या एका पायवाटेवर असा बसून दहा फूट खाली आलोय, आणि मागून येणाऱ्या डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या आजी हसत हसत चालत पुढे गेल्या. सुयांमध्ये राळ असते, त्या लवकर कुजत नाहीत, आणि एप्रिल ते जूनच्या कोरड्या वाऱ्यात कापरासारख्या पेटतात.

ठिणगी बहुतेक वेळा माणसाची असते: विझवायची राहिलेली शेकोटी, बिडीचं थोटूक, कोवळं गवत फुटावं म्हणून पेटवलेलं रान. २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत उत्तराखंडात आगी इतक्या पसरल्या की हेलिकॉप्टरने तलावांतून पाणी उचलून ओतावं लागलं.

चिडाला स्वतःला आग तितकीशी नडत नाही. साल जाड, भेगाळलेली, आतल्या जिवंत थराला चिलखतासारखी. लहान रोप जळालं तरी बुडातून पुन्हा फुटू शकतं. जळतात ते शेजारी: बांज ओकची रोपं, झुडपं, जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी. आग लागून गेलेल्या मोकळ्या, ऊनखाऊ जमिनीवर मग चिडाचंच बी रुजतं. म्हणजे आग चिडाचा शत्रू कमी आणि दलाल जास्त.

या आगींना राजकारणही आहे आणि ते जुनं आहे. इंग्रज सरकारने जंगलं राखीव करून गावकऱ्यांचे चराई-लाकूडफाट्याचे हक्क आवळले, तेव्हा १९२१ साली कुमाऊंमधल्या लोकांनी निषेध म्हणून जंगलं पेटवली होती. अलीकडे सरकार पिरूल किलोवर विकत घेतं, त्याच्या कांड्या करून जळण म्हणून वापरतात. कल्पना चांगली आहे, पण तीव्र उतारावर दिवसभर वाकून पिरूल गोळा करायचं काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतं, हे घोषणांत दिसत नाही.

चिडामुळे झरे आटतात, हे खरं का?

तिकडच्या कुठल्याही गावात विचारा, ‘बांज असेल तिथे पाणी, चीड असेल तिथे नाही’ अशा अर्थाचं उत्तर मिळेल. निरीक्षण खोटं नाही. बांजाखालची माती काळी, भुसभुशीत, पालापाचोळ्याने भरलेली असते आणि पावसाचं पाणी धरून ठेवते. चिडाखाली जमीन कडक, वर पिरूलची चटई.

पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सांभाळून बोलायला हवं. चीड मुळात कोरड्या, हलक्या, झिजलेल्या उतारांवरच येतो, जिथे बांज तगत नाही. बांजाच्या फांद्या चाऱ्यासाठी वर्षानुवर्षं छाटल्या, गुरं चरली, आग लागली, आणि मोकळ्या जागेत चीड आला. त्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं सोयीचं आहे, पूर्ण खरं नाही. मात्र जिथे बांज होता तिथे मुद्दाम चिडाची लागवड केली, तिथे गावकऱ्यांचा राग रास्तच आहे.

खोडांवर खाचा पाडून डबे का लावलेले असतात?

तो लीसा, म्हणजे चिडाची राळ. झाड जखम बुजवण्यासाठी, किडीला आणि बुरशीला अडवण्यासाठी ती सोडतं. माणूस मुद्दाम जखम करून ती गोळा करतो. लीसा उकळून ऊर्ध्वपातन केलं की वाफेतून टर्पेंटाइन मिळतं आणि खाली बिरोजा, म्हणजे रोझिन, उरतो. हिमाचलात नाहन आणि बिलासपूरला याचे सरकारी कारखाने आहेत. फार खोल खाचा पाडलेलं खोड वादळात मोडतं आणि आगीत जखमेतूनच पेटतं, म्हणून आता उथळ खाचांची पद्धत वापरायची असते. ‘वापरायची असते’ आणि ‘वापरतात’, यातलं अंतर जंगलात चालताना दिसतं.

देवदार एवढा पवित्र का मानतात?

नावातच देव आहे. पण पुण्याई बरीचशी लाकडाचीही आहे. देवदाराचं लाकूड तेलकट, सुगंधी असतं, त्याला वाळवी आणि बुरशी सहसा लागत नाही. म्हणून देवळं, कोठारं, पूल, सगळं त्याचंच. मनालीचं १५५३ सालचं हिडिंबा मंदिर त्याच्याच राईत उभं आहे. दगड आणि लाकडाचे थर आलटून पालटून रचायची तिकडची काठकुणी पद्धत भूकंपातही तग धरते. गावोगावी देवाच्या नावाने राखलेल्या राया आहेत, अगदी आपल्या कोकणातल्या देवरायांसारख्या, आणि तिथे पडलेली फांदीही उचलत नाहीत.

याच टिकाऊपणाने त्याचा घातही केला. एकोणिसाव्या शतकात रेल्वे पसरू लागली आणि रुळांखालच्या स्लीपरना न कुजणारं लाकूड हवं होतं. भागीरथीच्या खोऱ्यात हर्सिलला फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने देवदार तोडून ओंडके नदीत सोडायचा धंदा केला आणि गडगंज झाला. ओंडके वाहत मैदानात जायचे, तिथे अडवून घ्यायचे. १८६४ मध्ये वनखातं स्थापन झालं, त्यामागे जंगलांवरच्या प्रेमापेक्षा स्लीपर संपतील ही धास्ती जास्त होती.

आपल्याकडे जुन्या घरांत ‘देवदारी खोकं’ म्हणून ज्या फळ्या माळ्यावर पडलेल्या असतात, त्यांचा आणि या झाडाचा संबंध बहुतेक वेळा नावापुरताच. कुठलंही हलकं, पांढरट, खोक्याचं लाकूड म्हणजे देवदार, असं आपण ठरवून टाकलं. सफरचंदांच्या पेट्या तर हिमाचलात रई-तोसाच्याच व्हायच्या.

चिलगोजे इतके महाग का?

झाड फार थोड्या ठिकाणी आहे. भारतात मुख्यतः किन्नौर, आणि थोडं चंब्याकडे पांगीत. बाकी पाकिस्तान-अफगाणिस्तानात. सतलजच्या कोरड्या, खडकाळ कड्यांवर ते उगवतं. शंकू उघडून बी सांडायच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, लोक झाडावर चढून आकड्याने तोडतात. हात राळेने इतके चिकट होतात की साबणाचं काही चालत नाही. मग शंकू वाळवून, झोडपून, एकेक बी वेगळं करायचं.

खरी अडचण पुढे आहे. जवळजवळ सगळे शंकू उतरवले जातात, रुजायला बी उरत नाही. जे उरतं ते उंदीर, पक्षी खातात, जे उगवतं ते शेळ्या-मेंढ्या खातात. किन्नौरच्या उतारांवर जुनी झाडं भरपूर दिसतील, गुडघ्याएवढं रोप शोधून दाखवा.

कॅन्सरचं औषध याच झाडांतून मिळतं ना?

थुनेराच्या वंशातून. पॅक्लिटॅक्सेल हे द्रव्य आधी अमेरिकेतल्या पॅसिफिक यूच्या सालीत सापडलं. त्याची रचना मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. १९९२ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, आणि मग जगभरच्या यू वृक्षांवर संक्रांत आली. हिमालयात थुनेराची साल आणि पानं ओरबाडली गेली. झाड अगदी सावकाश वाढणारं, नर वेगळा, मादी वेगळी, त्यामुळे भरून निघायला पिढ्या लागतात. आता हे द्रव्य लागवडीच्या झाडांची पानं आणि पेशीसंवर्धन यांतून काढता येतं, पण पश्चिम हिमालयातला थुनेर धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

थुनेरावर लाल मांसल फळासारखं दिसतं ते फळ नाही, बीला आलेलं वेष्टन आहे. बी आणि पानं विषारी. मुलं बरोबर असतील तर लक्ष ठेवा.

या जंगलात प्राणी-पक्षी कोण असतात?

रई-तोसाच्या दाट जंगलात, खाली रिंगाळ बांबूचं रान असेल तिथे, पश्चिमी ट्रॅगोपान राहतो, स्थानिक नाव जुजुराना, हिमाचलचा राज्यपक्षी. दिसला तर नशीब. नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातला ठिपकेदार पक्षी पाइनच्या बिया जमिनीत पुरून ठेवतो, काही विसरतो, त्यातून रोपं येतात. वसंतात बर्फ वितळलं की गुच्छी नावाची महागडी अळिंबी याच जंगलांत निघते.

माझा आवडता रहिवासी मात्र कैलावरचं बांडगूळ. मिलिमीटरांत मोजावं एवढं, जगातल्या सगळ्यात लहान द्विदल वनस्पतींपैकी एक. भिंग घेऊन जा.

झाडांचं वय किती असतं?

देवदार कित्येक शतकं सहज जगतो. लाहौलमधल्या जुनिपरांच्या वाढवलयांवरून तर दीड हजार वर्षांच्या आसपासची मालिका जुळवली गेली आहे. झाड तोडावं लागत नाही, पेन्सिलीएवढा नमुना पोकळ गिरमिटाने काढतात. अरुंद वलय म्हणजे वाईट वर्ष. पुण्यात पाषाणला जी मौसम विज्ञान संस्था आहे, तिथेही हिमालयातल्या झाडांच्या वलयांवरून जुन्या हवामानाचा अभ्यास झाला आहे.

महाराष्ट्रात मूळचे सूचिपर्णी आहेत का?

नाहीत. दक्षिण भारतात मूळचा एकच, नागेया, तोही केरळ-तमिळनाडूतल्या पश्चिम घाटात. आणि त्याची पानं सुईसारखी नाहीत, रुंद आहेत.

कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू सूचिपर्णी नव्हे. तो सपुष्प वृक्ष. त्याची ‘सुई’ म्हणजे बारीक हिरवी डहाळी आहे. ओढून बघा, पेरापेराने तुटते, आणि प्रत्येक पेराशी दातेरी कडं दिसतं, तीच त्याची पानं. बंगल्यांसमोरचा ‘ख्रिसमस ट्री’ बहुधा अरौकेरिया, पॅसिफिकमधल्या बेटांवरून आलेला. पुस्तकात पान ठेवायचो ती मोरपंखी सूचिपर्णी खरी, पण चीनकडची.

देवदाराचं रोप आणून पुण्यात लावलं तर?

एकदोन वर्षं कुंडीत जगेल, मग आपल्या एप्रिलमध्ये मान टाकेल. नका आणू.

आणि शंकू? तो आणला तर चालेल?

राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलू नका, तो गुन्हा आहे. रस्त्याकडेला पडलेला, बी सांडून गेलेला चिडाचा एखादा शंकू आणायला हरकत नाही. तो खिडकीत ठेवा. खवले हवेतल्या दमटपणाने हलतात, मेलेल्या शंकूतसुद्धा. माझ्याकडचा एक गेली सात वर्षं दर जूनमध्ये मुठीसारखा मिटतो आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा उघडतो.